रस्ता निवडताना

पहाटे साडेतीनला टेम्पोतून उतरवलं आम्हाला
गव्हाण फाट्याच्या अलीकडे. चाळीस बायका,
हिरवी जॅकेटं, प्रत्येकीला एक कापडी पिशवी. झाडू नाही.
"आज झाडायचं नाही," मुकादम घरत म्हणाला,
"आज वेचायचं."

दुभाजक गेल्या आठवड्यातच उचलला होता,
कण्हेरीच्या कुंड्या कडेला एकीवर एक,
दिव्यांचे खांब आडवे निजवलेले.
इतका रुंद कधी दिसला नव्हता हा रस्ता,
मांडव काढल्यावर अंगण दिसतं तसा.

हवाई दलाचा पोरगेलासा साहेब हिंदीत सांगत होता,
घरत त्याचं मराठी करत होता, आपल्या पद्धतीने:
विमान इथे टेकणार, सहा वाजून दहा मिनिटांनी.
इंजिन म्हणजे नुसतं नाक. समोर येईल ते आत ओढतं.
बोराएवढा खडा गेला, की कोट्यवधी गेले.
"म्हणजे तांदूळ निवडायचे," चांगुणा म्हणाली.
कुणीतरी ते साहेबाला सांगितलं.
तो हसला नाही. म्हणाला, बरोबर, तसंच.

मग हाताला हात लागेल अशी रांग धरून
आम्ही अडीच किलोमीटर रस्ता निवडला.
मान खाली, कपाळाला विजेरी.
खडी, खडी, नट, कंटेनरची तुटकी सीलं,
एक दात, माणसाचा की कुत्र्याचा कळेना,
बांगडीचा तुकडा, पुन्हा खडी,
टेललाइटची लाल काच, शंभर जागी.
पारूमावशीला चांदीचं जोडवं सापडलं.
तिने ते पाहिलं, घरतकडे पाहिलं,
पिशवीत टाकलं.

मी वेचत होते आणि मनात तारखा म्हणत होते.
अकरा जून. दोन जुलै. बावीस ऑगस्ट.
तीन अर्ज दिले होते मी, माझ्या हाताने लिहून:
डंपरमधून खडी सांडते, वळणावर पसरते,
दुचाक्या घसरतात, कुणीतरी उचला.
तिसऱ्या अर्जावर शिक्का मिळाला.
त्यानंतर नवव्या दिवशी
रात्रपाळीहून येताना मोरेश्वर घसरला.
ते वळण आज माझ्याच वाट्याला आलं होतं.
एक खडा ठेवला नाही मी तिथे.

साडेपाचला सुतळी बॉम्ब लावून खाडीवरचे बगळे उठवले.
तिकडे जासईपर्यंत ट्रेलर उभे, आणि एकही हॉर्न नाही.
ही शांतता कुठून आणली यांनी, देव जाणे.

सहा वाजून बारा.
आधी आवाज नव्हताच, नुसता ठिपका, दिवा लावलेला.
मग पोटात भांड्यांची उतरंड कोसळावी तसं झालं,
चाकं टेकली, दोन बोटं धूर,
आणि थांबलंच नाही ते. धावलं, नाक उचललं,
गेलं उरणकडे.
"मग आलं कशाला?" चांगुणाने विचारलं,
आणि आम्ही कडेला बसून पोट धरून हसलो.
पण खोटं कशाला बोलू, मला आवडलं.
स्वच्छ रस्त्यावरून काहीतरी
इतक्या सरळ जाताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

पिशव्यांचं वजन झालं: एकोणचाळीस किलो सातशे.
घरतने वहीत लिहिलं, आमचे अंगठे, सह्या.
साडेसातला रस्ता मोकळा केला.
पहिलाच डंपर ताडपत्रीशिवाय गेला,
मागे खडीची बारीक रेघ सोडत.
मी घरतकडे पाहिलं.
तो मोबाइलवर विमानाचा फोटो मोठा करून बघत होता.

रात्री मोरेश्वरच्या गुडघ्याला तेल चोळताना
अंगठा नेहमीच्या जागी अडला.
कातडीखाली काळा दाणा, डांबर लागलेला.
डॉक्टर म्हणाले होते, राहू दे, त्रास नाही त्याचा.
"कसं होतं विमान?"
"नाकासारखं," मी म्हटलं.
तो झोपला तरी
माझा अंगठा तिथेच फिरत राहिला,
मांडीवर सूप असल्यासारखा.